गैरहजर म्हणजे बरा?

मंडळी, गेल्या रविवारी घरात बारसं होतं. जेवणं झाली, विडे झाले आणि गप्पांची गाडी कोविडवर आली. माझा एक भाचा, शिकलेला, चांगल्या नोकरीतला, म्हणाला, "मामा, आठवतंय ना? लॉकडाऊनमध्ये दवाखाने ओस पडले होते. कुणाला हार्ट अटॅक नाही, कुणाला कॅन्सर नाही. म्हणजे एरवी हे सगळं डॉक्टरांनी मांडलेलं दुकानच की!" चारचौघांनी माना डोलावल्या. हे वाक्य मोबाईलवरही मी निदान वीस वेळा वाचलं असेल. बारशात वाद नको म्हणून त्या दिवशी गप्प बसलो. आज बसणार नाही.

बाळा, त्या ओस दवाखान्यांतून गायब झालेल्यांपैकी एक तुझा मामा होता.

एप्रिल २०२०. २५ मार्चपासून सगळा देश बंद. एका सकाळी लघवी लाल झाली. दुखणं नाही, जळजळ नाही, ताप नाही. "उन्हाळी लागली असेल" म्हणून हिने धण्याचं पाणी दिलं. दोन दिवसांत रंग निवळला आणि आम्ही धण्यांना श्रेय देऊन मोकळे झालो. या रोगाची लबाडी इथेच आहे. रक्त आपोआप थांबतं, गाठ थांबत नाही. आमच्या वाईतल्या एका दवाखान्यात फोन केला, तर पलीकडून प्रश्न आला, "ताप, खोकला आहे का? नाही ना? मग आत्ता येऊ नका. सगळं सुरळीत झालं की बघू." खरं सांगतो, मलाही ते बरंच वाटलं. नुकतीच सत्तरी गाठलेली, बाहेर पडायची भीती होतीच.

जूनमध्ये पुन्हा रक्त, या वेळी गाठी गाठी. सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडात सात सेंटिमीटरची गाठ निघाली. पुण्यातल्या एका रुग्णालयाने सांगितलं, "इलेक्टिव्ह शस्त्रक्रिया सध्या बंद आहेत."

मी भाषेचा मास्तर, शब्दावर अडणारच. इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक. शाळेत संस्कृत घ्यायचं की हिंदी, हे ऐच्छिक. कर्करोग काय मी आवडीने घेतला होता? वैद्यकात त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की तारीख ठरवून करता येईल अशी शस्त्रक्रिया. पण व्यवहारात त्याचा अर्थ 'नाही केली तरी चालेल' असा झाला.

रुग्णालयांची अडचण मला कळते. भूलतज्ज्ञ, परिचारिका, ऑक्सिजन, सगळं कोविडकडे वळलं होतं. शिवाय शस्त्रक्रियेच्या सुमारास कोविड झाला तर जिवाला धोका. आणि प्रत्येक गाठीची घाई असते असंही नाही. मूत्रपिंडातली चार सेंटिमीटरच्या आतली गाठ काही महिने लक्ष ठेवून थांबवता येते. पण ते ठरवायला आधी गाठ कुणीतरी बघायला हवी ना? माझी तक्रार थांबवण्याबद्दल नाही, न बघता थांबवण्याबद्दल आहे. नेहमीच्या केमोथेरपीला हा कर्करोग फारशी दाद देत नाही. गाठ मूत्रपिंडापुरती असेल तोवर शस्त्रक्रिया हाच मुख्य इलाज. ती वेळ गेली की गेली.

शेवटी एका सर्जनबाईंनी फोनवर सगळे कागद पाहिले. फोनवरून सल्ला देण्याचे सरकारी नियम २५ मार्च २०२० लाच आले होते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मग क्रिएटिनिन, सीटी स्कॅन, जिल्हा ओलांडायचा पास, नाकातला स्वॅब आणि ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया. सोबत एकालाच परवानगी, म्हणून मुलगा आला. ही घरी, व्हिडिओ कॉलवर. मूत्रपिंड अख्खं काढावं लागलं. एप्रिलमध्ये गेलो असतो तर वाचलं असतं का? बाई म्हणाल्या, "सर, ते कुणीच सांगू शकणार नाही." मीही सांगणार नाही.

पण शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचं सांगतो. त्यांची चार महिने कंबर दुखत होती. कंबरदुखीसाठी कोविडात कोण बाहेर पडतं? आले तेव्हा मूत्रपिंडातला रोग मणक्यात उतरला होता. पुढच्या वर्षी ते गेले. कोविडच्या आकड्यात त्यांचं नाव नाही. कोविड त्यांना झालाच नव्हता!

आता तुझ्या 'कुणाला कॅन्सर नाही'चा हिशेब. नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या ४१ केंद्रांची पाहणी २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त छापून आली. २०१९ च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत तिथे १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ५१,७६०. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ वर. साठ हजार माणसांचा कर्करोग टाळेबंदीला घाबरून पळाला असं तुला खरंच वाटतं? ती माणसं घरात होती. कुणी धण्याचं पाणी पीत, कुणी कंबर शेकत.

मी पस्तीस वर्षं हजेरी घेतली. पावसाळ्यात नदीला पूर आला की पलीकडच्या वाडीतली मुलं येत नसत. त्यांच्या नावापुढे मी गैरहजेरी लावायचो. पण वाडीत मुलंच नाहीत असं एकाही वर्षी मला वाटलं नाही. पूर ओसरला की ती यायची, मागचा अभ्यास बुडवून. रुग्णही तसेच आले.

डॉक्टरांच्या लुटीचा राग मलाही आहे. बिलं मीही भरली आहेत. त्यावर जरूर भांड, मी तुझ्या बाजूने उभा राहीन. पण रिकाम्या बाकांचा पुरावा देऊ नकोस. त्या बाकांवर आम्ही बसायचे होतो.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट ऐन भरात असताना माझ्या तपासणीची तारीख आली. घरचे म्हणाले, पुढे ढकला. मी दोन मास्क लावून गेलो. स्कॅन स्वच्छ आला. अजून दरवर्षी जातो.

असो, फार लांबलं. एकच सांगतो, दुखत नसलं आणि रक्त एकदाच दिसलं असलं, तरी तपासून घ्या. धण्याचं पाणी नंतर प्या. चूकभूल द्यावी घ्यावी. आणि भाचेबुवा, राग मानू नकोस. पुढच्या रविवारी जेवायला ये, उरलेलं तोंडी भांडू.