मध्ययुगाचा मुखवटा : काल्पनिक खेळांच्या नियमांत दडलेला इतिहास

१/ काल्पनिक भूमिका-खेळाचे जग रचायला इतिहास लागत नाही, असे मत तरुण खेळाडूंमध्ये सर्रास ऐकू येते. जिथे ड्रॅगन उडतात तिथे दप्तरे कशाला चाळायची, हा त्यामागचा युक्तिवाद. हे मत चुकीचे आहे, आणि निरुपद्रवी तर मुळीच नाही. त्याची कारणे या धाग्यात.

२/ आधी वंशावळ. भारतातील चतुरंग इराणमार्गे युरोपात जाऊन बुद्धिबळ झाले. १७८० मध्ये ब्रुन्सविकच्या हेलविगने त्याच पटाचा विस्तार करून युद्धखेळ रचला. १८२४ मध्ये राइसवित्झच्या खेळाला प्रशियाच्या लष्करात स्थान मिळाले. त्यात फासे होते, नकाशे होते आणि निवाडा देणारा पंचही होता. आजच्या 'डंजन मास्टर'चे पूर्वज शोधायचे तर तिथे.

३/ पुढे हा छंद अमेरिकेत रुजला. मिनेसोटातील डेव्ह वेझली आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकच माणूस दिला. विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्सने आर्नेसनच्या जोडीने १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या १,०००.

४/ या खेळाचे जग म्हणजे युरोपचे मध्ययुग, असा सार्वत्रिक समज आहे. तो तपासून पाहावा. खेळातील चिलखतांच्या यादीत 'बँडेड मेल', 'रिंग मेल' अशी नावे भेटतात. ही नावे मध्ययुगीन कारागिरांची नव्हेत. सॅम्युएल मेरिकने १८२४ च्या ग्रंथात जुन्या चित्रांवरून जे तर्क बांधले, त्यांची ती उरलेली खूण आहे. पुढच्या संशोधकांनी ते तर्क नाकारले. खेळाने मात्र ते जपून ठेवले.

५/ आता बाजारभाव. खेळातील वस्तू इतक्या महाग का, याचे उत्तर देताना गायगॅक्सने कोणत्याही मध्ययुगीन नगराचा दाखला दिला नाही. त्याने दिला अलास्काचा : सोन्याच्या शोधात माणसांची झुंबड उडालेली आणि अंड्यांनाही सोन्याचे मोल आलेली गावे. हा काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा आहे.

६/ रानावनातल्या प्रवासासाठी १९७४ च्या नियमांनी कोणता नकाशा सुचवला? 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या पटखेळाचा. तो १९७२ साली अमेरिकेत निघाला होता आणि त्याचा विषय होता रानात एकट्याने तग धरणे. ज्या भूमीवर शेकडो राजे, मठ आणि जमीनदार हक्क सांगत, तिच्या जागी आले एक निर्जन, अनामिक रान.

७/ आणि पात्राची प्रगती? मूळ नियमांत एका सुवर्णनाण्यामागे अनुभवाचा एक गुण. १९७८ च्या नियमांनुसार नवव्या पातळीवरचा योद्धा गढी बांधतो, भोवतालचा मुलूख राक्षसांपासून 'मोकळा' करतो आणि तिथे वसणाऱ्या प्रत्येक माणसामागे दरमहा ७ चांदीची नाणी वसूल करतो.

८/ हे सारे एकत्र मांडले की चित्र स्पष्ट होते. निर्जन मानलेली भूमी, तिच्यातले मूळ रहिवासी हटवणे, सोने, मग वसाहत. ही शार्लमेनच्या साम्राज्याची कथा नव्हे. ही अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीची कथा आहे. अंगावर तेवढे युरोपीय चिलखत चढवलेले.

९/ यात भर पडली ती नैतिक प्रवृत्तीची. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये प्रत्येक जातीपुढे तिची प्रवृत्ती छापली गेली. ऑर्क दुष्ट ठरला. त्याने काय केले हा प्रश्नच उरला नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पुरेसे झाले.

१०/ आता खरा वाद. ड्यूकच्या जागी देशमुख, कॅसलच्या जागी गड आणि लाँगसोर्डच्या जागी धोप ठेवली की मराठी जग तयार झाले, असे अनेकांना वाटते. पण नियम तेच राहिले तर सह्याद्री 'निर्जन' ठरतो. मग गोब्लिनच्या रिकाम्या जागी कोणाला बसवायचे? भिल्लांना? कोळ्यांना? रामोशांना? ज्या समाजांनी गडांच्या घेऱ्याची राखण केली, त्यांनाच राक्षस ठरवायचे?

११/ ही भीती हवेतली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने 'जन्माने दुष्ट' ही कल्पना प्रत्यक्ष सरकारी नोंदवहीत उतरवली. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातील पारध्यांसारखे समाज हजेरीच्या आणि सेटलमेंटच्या जाचात सापडले. शिक्का कागदावरून पुसला गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. लोकांच्या मनातून तो अजून पुरता गेलेला नाही. त्यावर खेळाच्या पटावर पुन्हा शाई फिरवणे ही करमणूक नव्हे.

१२/ 'हा नुसता खेळ आहे' हा आक्षेप ठरलेला. पण नुसता खेळच असता, तर खुद्द प्रकाशकांना २०२० मध्ये ऑर्क आणि ड्रो यांचे चित्रण बदलण्याची घोषणा करावी लागली नसती. २०२४ च्या नियमपुस्तकात 'वंश' हा शब्दही गळाला नसता. रचनाकारांना जे उमगले, ते अनुकरण करणाऱ्यांना का उमगू नये?

१३/ मग जग रचावे कसे? वाहनांचे उदाहरण घ्यावे. मराठ्यांचा गुराब उथळ तळाचा. त्यामुळे मोठ्या युरोपीय जहाजांना शिरता येत नाही अशा खाड्यांत तो शिरे. गलबत वल्ह्यांचे, वारा पडला की तेच गुराबाला ओढून नेई. पावसाळ्यात समुद्र बंद. एवढ्या तीन गोष्टींतून नियम आपोआप उभे राहतात : खोली, वारा, ऋतू. 'वेग ४०, तोफा ६' अशा कोष्टकातून त्या खाडीचा वासही येत नाही.

१४/ जहाजाला लाकूड लागते, आणि लाकूड कोणाचे तरी असते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने आरमारासाठीसुद्धा रयतेच्या आंबा-फणसाला हात लावण्यास मनाई केली, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. हा उत्तम खेळनियम आहे. आरमार उभारू पाहणाऱ्या खेळाडूसमोर इथे राक्षस उभा राहत नाही; उभा राहतो आपल्या झाडाला कवटाळून बसलेला शेतकरी. त्याच्याशी लढायचे, की त्याला राजी करायचे?

१५/ पात्रांनाही हेच लागू. त्यांची ताकद-चपळाई फाशांनी ठरेल. पण वतन कोणते, देणे कोणाचे, दसऱ्याला मोहिमेवर निघताना घरी पेरलेले रान कोण राखणार, ही उत्तरे इतिहासच देतो. कल्पनेला पंख जरूर असावेत. पण कोणतेच रान निर्जन नसते, हे ज्या रचनाकाराला ठाऊक नाही, तो नवे जग घडवत नाही. दुसऱ्याच्या जुन्या लुटीचा नकाशा तेवढा पुन्हा रंगवतो.

(धागा समाप्त)