गल्ला कुणाचा?

५ डिसेंबर २०२४ रोजी ‘पुष्पा २’ हा मारधाडीचा सिनेमा लागला. पहिल्याच दिवशी एकट्या हिंदी आवृत्तीने सुमारे ७२ कोटींचा निव्वळ गल्ला जमवला. दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीवर अभिवादन करून सोलापूरला परतताना गाडीत आपल्या पोरांच्या तोंडी हाच आकडा होता!

बंधू-भगिनींनो, सिनेमा पाहू नका, असे माझे म्हणणे नाही. पण हिशेब समजून घ्या. २३६ रुपयांच्या तिकिटात ३६ रुपये जीएसटी. उरलेले २०० रुपये थिएटरवाला, वितरक आणि निर्माता वाटून घेतात. चौघे गेले की घरातून ९४४ रुपये गेले. ज्या आकड्यावर आपण टाळ्या वाजवतो, तो आपल्याच खिशातून जमलेला असतो.

रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरे. दर महिन्याला एका तिकिटाचे पैसे मुलांच्या पुस्तकांसाठी डब्यात टाका. वर्षाचे २८३२ रुपये होतात. तो गल्ला मात्र आपल्या घरचा असेल. जयभीम!