फेर धरणारी मुलं

ऑगस्टचा अंक आदिवासी विद्यार्थ्यांवर काढायचं ठरलं, तेव्हाच आम्ही एक पथ्य ठरवून टाकलं: शिष्यवृत्तीचे आकडे आणि गळतीची कारणं एवढ्यावर थांबायचं नाही, या मुलांच्या सांस्कृतिक कामाकडेही पाहायचं. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली जाहीर केला. आज पुण्या-नाशिकच्या महाविद्यालयांत तो साजरा होतो, तो अनेकदा विद्यार्थ्यांच्याच पुढाकारानं.

त्यासाठी विद्यार्थ्यांचं मंडळ चालवणं दिसतं तितकं सोपं नाही. धडगावची पावरी बोलणारी मुलगी, जव्हारचा वारली आणि किनवटचा कोलाम एका वसतिगृहात येतात, तेव्हा त्यांची बोली एक नसते, देव एक नसतात, नाचाचा ठेकाही एक नसतो. तारप्याच्या फेरात कोणी कुठे उभं राहायचं, हे बसून ठरवावं लागतं. नेतृत्व घडतं ते इथे, असं आम्हाला वाटतं. सातपुड्यातला मोठा सण होळी. तो नेमका परीक्षांच्या तोंडावर येतो. मग रजेचा अर्ज घेऊन प्राचार्यांच्या दारात उभं राहणं हेही सांस्कृतिक कामच! (‘ट्रॅडिशनल डे’ची भाड्यानं आणलेली ‘आदिवासी वेशभूषा’ मात्र विनासायास बक्षीस घेऊन जाते.)

या अंकातले लेख या मुलामुलींनीच लिहिले आहेत. बोलीतले शब्द आम्ही तसेच ठेवले. तुमच्या महाविद्यालयात असं मंडळ असेल, किंवा सुरू होऊन बंद पडलं असेल, तर जरूर कळवा. बंद पडलं असेल तर जरा सविस्तर लिहा. पुढच्या अंकात पत्रांसाठी जागा राखून ठेवली आहे.