रेल्वेचे तिकीट हातात आल्यावर



या पानावर आपण नेहमी बी-बियाणे, खते आणि फवारणीचे बोलतो. आज थोडे रेल्वेविषयी.

आमचे घर नागपूरच्या महालात. मोठे स्टेशन आणि इतवारी, दोन्ही जवळ. त्यामुळे गावाकडची माणसे गाडी धरण्यापूर्वी आमच्याकडे टेकतात. मागे काटोलकडचा एक संत्रा बागाईतदार म्हाताऱ्या आईला घेऊन आला. मुंबईला इस्पितळात दाखवायचे होते. तिकीट पक्के. जेवणे झाली, भाकरी बांधून झाली आणि मी सहज तिकीट पाहिले. तारीख १५, वेळ ००:२०. आज तारीख १५च, पण गाडी आदल्या रात्रीच गेलेली!

रेल्वेचा दिवस रात्री बाराला बदलतो. १५ तारखेची ००:२० ची गाडी धरायची तर १४ च्या रात्री जेवूनच स्टेशनवर हजर व्हावे लागते. गाडी सुटल्यावर पक्क्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. पैशाचे एक वेळ सोडा, पण डॉक्टरांची तारीख त्या माउलीला पुन्हा दीड महिन्याने मिळाली.

दुसरी चूक गाडीत बसण्याच्या ठिकाणाची. वर्ध्याकडचे लोक नागपूरपासूनचे तिकीट काढतात आणि वर्ध्याला चढतात. भाडे तर जास्तीचे भरले, मग कुठेही चढू, असा हिशेब. पण तुम्ही नागपूरला दिसला नाहीत, तर तपासनीस तुमची जागा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला देऊ शकतो. आणि तो नियमानेच वागतो, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. म्हणून चढण्याचे स्टेशन आधीच बदलून घ्यावे. हे वेळेत करावे लागते. शेवटच्या दिवसावर ठेवू नये. अधल्या अंतराचे भाडे मात्र परत मिळत नाही, आणि एकदा वर्धा केले की पुन्हा नागपूरहून चढता येत नाही.

आता दोन गाड्यांच्या जोडणीचे. १ एप्रिल २०१९ पासून सोय अशी आहे की, पहिली गाडी उशिरा पोचल्याने दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे कपात न होता परत मिळतात. त्यासाठी दोन्ही तिकिटे आरक्षित आणि पक्की हवीत, दोन्हींवर नावे तीच हवीत, आणि ती एकमेकांना जोडून घेतलेली हवीत. पहिली गाडी पोचल्यापासून तीन तासांच्या आत खिडकीवर तिकीट परत करावे लागते. पण पुढच्या गाडीत जागा मिळेलच, असे कोणी सांगत नाही.

यात आपले खेड्यातले माणूस कुठे बसते? ते येते बसने, नाहीतर पॅसेंजरच्या साध्या तिकिटाने. त्या तिकिटाला जोडणी नाही. वाटेत टायर फुटला, नाल्याला पूर आला, तर नुकसान आपलेच. नियम करणाऱ्यांच्या नजरेत हा प्रवासी आलेला दिसत नाही, हे मला खटकते. तोवर एकच उपाय: पावसाळ्यात एक बस आधीची धरावी, आणि काम इस्पितळाचे किंवा कोर्टाचे असेल तर आदल्या दिवशीच यावे. नात्यागोत्यात मुक्कामाला लाजू नये.

याउलट, तुमची गाडीच तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही गेला नाहीत, तर पूर्ण पैसे मिळतात. मात्र खिडकीवरचे तिकीट गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी परत करावे लागते. गाडी कुठवर आली, हे १३९ नंबरवर विचारता येते.

आणि स्टेशनचे नाव नीट वाचा. नागपूर, अजनी आणि इतवारी ही तीन वेगळी स्टेशने आहेत. तिकिटावर 'नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी' दिसले, तर ते आपले जुने इतवारीच. रिक्षावाल्याला नुसते 'स्टेशन' म्हटलेत, तर तो सरळ मोठ्या स्टेशनवर नेऊन सोडतो.