धान्याच्या हक्काबाबत विटा व खानापूर तालुक्यातील कष्टकऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र शासन
मार्फत : मा. तहसीलदार, खानापूर-विटा

महोदय,

विटा शहरातील यंत्रमाग कामगार, कांडी भरणाऱ्या महिला, हमाल आणि तालुक्यातील शेतमजूर यांच्या संघटनेच्या वतीने हे मागणीपत्र देत आहोत. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा राज्यात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा त्यातला हक्क आहे. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफतही झाले. आमच्यातल्या अनेक घरांना मात्र त्यातला दाणाही मिळत नाही.

मूळ अडचण उत्पन्नमर्यादेची आहे. कुटुंबाची वार्षिक मर्यादा शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये. कायदा आला तेव्हा ठरलेले हे आकडे आजही तेच आहेत. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये आहे. या दराने घरातल्या एकाच माणसाने वर्षात १४२ दिवस काम केले की ४४,३०४ रुपये होतात आणि गावातले ते कुटुंब अपात्र ठरते. शहरात १९० दिवसांत तीच गत. उरलेले दिवस हाताला काम नसले, तरी कागदावर ते घर सुस्थितीतले. रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६५ साली शेजारच्या तासगाव तालुक्यात, योजनेचे जनक वि. स. पागे यांच्या विसापूर परिसरात झाला. त्याच योजनेची मजुरी माणसाला धान्याच्या यादीबाहेर काढते, हे आम्हाला मान्य नाही. घरात दोघे कमावते धरून मर्यादा दीड लाख रुपये करावी, शहर आणि गाव यांना ती एकच असावी, आणि महागाईनुसार ती दर वर्षी सुधारावी.

अर्ज केला की उत्तर ठरलेले: इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरलेली संख्या, शिल्लक नाही. राज्याचा सुमारे ७ कोटींचा इष्टांक २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. तो वाढवून घेण्यासाठी शासनाने केंद्राकडे आग्रह धरावाच. पण तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. मयत, स्थलांतरित आणि सधन नावांचे वाचन ग्रामसभेत व प्रभागात करावे, प्रतीक्षायादी रेशन दुकानाबाहेर लावावी आणि रिकामी झालेली जागा ३० दिवसांत त्या यादीतूनच भरावी. याला एक रुपयाही जादा लागत नाही.

कांडी भरताना सूत बोटांवरून सतत सरकते. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या बाईच्या बोटांची टोके गुळगुळीत होतात आणि रेशन दुकानातले यंत्र तिचा अंगठा घेत नाही. दोन-तीनदा दाबून पाहायचे आणि रिकामी पिशवी घेऊन परतायचे, हे आता थांबले पाहिजे. आधार पटला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्राचे २४ ऑक्टोबर २०१७ चे पत्र आहे. मोबाइलवरचा ओटीपी, डोळ्यांची ओळख किंवा नोंदवहीतली सही, यांपैकी एक पर्याय प्रत्येक दुकानात त्याच वेळी मिळालाच पाहिजे. ई-केवायसी राहिली म्हणून लेखी नोटीस दिल्याशिवाय कोणाचेही नाव कमी करू नये.

मागावर बारा-बारा तासांची पाळी असते. पाळी सोडली तर मजुरी बुडते. मागांच्या साप्ताहिक सुट्टीला दुकान दिवसभर उघडे ठेवावे आणि धान्य महिनाअखेरपर्यंत मिळावे. पावती हातात द्यावी. वजनकाटा यंत्राला जोडावा.

या तालुक्यातले लोक सोने-चांदी गाळण्याच्या म्हणजे गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पांगले आहेत आणि बाहेरचे मजूर विट्यात मागावर येतात. 'एक देश, एक रेशनकार्ड' दोघांसाठीही आहे. पण दुकानाला धान्य तिथल्याच कार्डांपुरते आले, तर परगावच्या माणसाला देणार कुठून? मागांच्या वस्तीतल्या दुकानांना दहा टक्के जादा साठा द्यावा आणि नकार दिल्यास त्याचे कारण लेखी द्यावे.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने अमेरिकेहून आलेली मिलो ज्वारी खाल्ली, कारण दुसरे काही नव्हते. आज खानापूर, आटपाडी, जत भागात ज्वारी पिकते आणि आमच्या ताटात भाकरीच असते. कायद्यात भरड धान्याची तरतूद आहे. हमीभावाने इथेच खरेदी करून माणशी किमान २ किलो ज्वारी द्यावी. शेतकऱ्याचाही माल उठेल.

ज्या महिन्यात धान्य मिळाले नाही, त्याचा कलम ८ नुसार अन्न सुरक्षा भत्ता मागणी न करता खात्यावर जमा व्हावा.

या मागण्यांवर ३० दिवसांत लेखी उत्तर मिळावे आणि संघटनेच्या प्रतिनिधींसोबत विट्यात बैठक घ्यावी. तसे न झाल्यास कलम १५ नुसार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर राज्य अन्न आयोगाकडे प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र तक्रार दाखल केली जाईल. अर्ज भरून तयार आहेत.