पुराच्या सालची बाटली

अर्जुननगर निपाणीला इतकं चिकटून आहे की देवचंद कॉलेजला जाणाऱ्या पोरांना राज्य कधी बदललं ते कळतही नाही. माझा मित्र तिकडे, म्हणजे महाराष्ट्रात राहतो. मी इकडे, कर्नाटकात. अंतर पायी दहा-बारा मिनिटांचं. त्याच्या भाच्यानं नाशिकहून रेड वाईनच्या दोन बाटल्या आणल्या, तेव्हा बैठक कुणाकडे हा प्रश्नच आला नाही. बाटल्यांनी सीमा ओलांडून अबकारीवाल्यांची समजूत घालत बसण्यापेक्षा मीच ओलांडली.

दोन्ही बाटल्या एकाच वायनरीच्या, एकाच शिराज द्राक्षाच्या. एक 2019 ची, दुसरी 2020 ची. तिसरी, 2022 ची, मित्राच्या घरातलीच. दोन वर्षं त्यानं ती स्वयंपाकघरातल्या कपाटावर ‘मुरायला’ ठेवली होती. वहिनींनी तिन्ही बाटल्या ‘तरुण भारत’च्या पानांत गुंडाळल्या, आकडे घातले आणि कुठली कुठली ते कुणाला सांगितलं नाही.

हा झाकून चाखायचा खेळ मोठमोठ्यांना महागात पडलेला आहे. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी असंच चाखून रेडमध्ये पहिला नंबर दिला तो कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपच्या 1973 सालच्या वाईनला. बोर्दोची 1970 ची मूताँ रॉथशिल्ड मागे पडली. तीस वर्षांनी, 2006 मध्ये त्याच जुन्या रेड पुन्हा चाखल्या, तर पहिली आली रिज माँटे बेलोची 1971 ची. पॅरिसचे पंडित चुकतात, तिथं आम्ही दोघं कोण?

व्हिंटेज म्हटलं की आपल्याला जुनी मोटार आठवते. वाईनवाल्यांच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की द्राक्षं कुठल्या साली तोडली. युरोपात वेल थंडीत पानं गाळून निजतो आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे वेलाला झोप नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. (‘गोडी छाटणी’ हे नाव ज्या शेतकऱ्याला सुचलं, त्याला वायनरीवाल्यांनी एक पेटी घरपोच द्यायला हवी.) म्हणजे लेबलावर 2020 असलं, तरी बाटलीत पावसाळा आणि दिवाळी 2019 ची असते.

आणि 2019 आमच्या भागात कोण विसरेल? ऑगस्टात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं, वाहतूक ठप्प झाली. पाऊस दिवाळीनंतरही हलेना. तिकडे नाशिकमध्ये छाटलेल्या बागा फुलोऱ्यात असताना तो कोसळला; गळ, घडकुज, डाउनी, सगळं एकदम. त्याच्या आधीचं वर्ष बरोबर उलटं: 2018 चा पाऊस तुटीचा, महाराष्ट्रात दुष्काळ जाहीर झालेला. वेलाला पाणी कमी मिळालं की मणी लहान राहतो, रसाच्या मानानं साल जास्त, आणि रंग-तुरटपणा सालीतूनच येतो.

हे सगळं पाठ करून मी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला. एक नंबरची कड विटकरी, दोनची फिकट लाल, तीनची गर्द जांभळट. रेड वाईन जुनी होते तशी कडेचा जांभळा रंग विटकरीकडे झुकतो, हे माझं पुस्तकी ज्ञान. एकचा वासही मऊ, शिजवलेल्या जांभळासारखा. मी छातीठोकपणे सांगितलं, एक म्हणजे 2019. मित्रानं मान डोलावली.

तेवढ्यात आण्णा आले. मित्राचे थोरले भाऊ. चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढलेली, गळ्यात माळ. लहानपणी मी त्यांना नमुन्याची पुडी सोडताना बघायचो: चिमूट तळहातावर चोळायची, नाकाशी न्यायची, क्षणभर थांबायचं, आणि मग दर. कधीकधी आधी शिंक, मग दर. पिणार नाहीत, पण वास घ्यायला माळ आडवी येत नाही, असं म्हणून त्यांनी एक नंबरचा ग्लास उचलला आणि लगेच खाली ठेवला.

“ह्येला ऊन लागलंय.”

“आण्णा, जुनी आहे ती,” मी म्हणालो.

“जुना माल येगळा आन् तापलेला येगळा. तापलेल्याचा वास सगळा एकदम वर येतोय, खाली काय ऱ्हात न्हाई.” दुसऱ्याला त्यांनी जरा वेळ दिला. “हे पाण्यात वाढल्यालं. वास चांगला हाय, पातळ हाय.” तिसऱ्यापाशी मात्र बराच वेळ गप्प. “हे ठेवायजोगं.”

वहिनींनी कागद सोडले. एक नंबर: कपाटावरची 2022. दोन: 2020. तीन: 2019.

सगळ्यात तरुण बाटली मी सगळ्यात म्हातारी ठरवली होती. गॅसची धग आणि दोन उन्हाळे तिनं उभ्यानं काढलेले. बूच किंचित वर सरकलं होतं, तेही आता दिसलं. 2019 पुन्हा चाखली. जिभेच्या कडा आवळणारा तुरटपणा, मागून मिऱ्याचा हलका झणका, तळाशी थोडा गाळ. 2020 वाईट नव्हती, मटणाबरोबर तर छान गेली. फक्त घोट उतरला की संपली. आण्णांनाही नुसत्या नाकानं मला एवढं फोडून सांगता आलं नसतं, अशी मी आपली समजूत काढली.

कपाटावर आणखी एक बाटली निघाली. मित्रानं ती उतरवून आण्णांच्या खोलीत, कॉटखाली, तांदळाच्या डब्यामागे गारव्याला आडवी ठेवली. आण्णांची हरकत नव्हती. अट एकच घातली: एकादशीला खोलीत उघडायची नाही.