धारदार दया

बाणाचं पातं नीट निवडलं तर शिकारीत क्रौर्य उरत नाही, असा एक युक्तिवाद आता इंदूरपर्यंत येऊन पोचलाय. ओळखीतल्या घरचा, अमेरिकेत राहणारा मुलगा सुट्टीवर आला होता. त्याने तो मला अगदी आदराने, ‘काकू, ऐकून तर घ्या’ म्हणत समजावला. रानटर्की दिसते मोठी, पण त्यात पिसारा फार. काळीज-फुप्फुसाची जागा जेमतेम मोसंबीएवढी. नेम चुकला की पक्षी जखमी होऊन पळतो, झाडीत तडफडून मरतो, रक्ताचा मागही धड मिळत नाही. म्हणून रुंद, लागताक्षणी उघडणारं पातं घ्यायचं, पंखाच्या मुळाशी नेम धरायचा, पक्षी जवळ येऊन थांबेपर्यंत दोरी सोडायची नाही. याला म्हणे नीतीची शिकार म्हणतात.

माहिती खरी आहे. बोथट पात्यापेक्षा धारदार बरं, हेही कबूल. पण दया म्हणू नका हो याला!

आपल्याकडे हिंसा चार प्रकारची सांगितली आहे: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. चूल पेटवली, धान्य दळलं तरी जीव जातात, ती आरंभी. आम्हा बायकांचा जन्म तिच्यातच जातो. पाणी गाळा, दिवस मावळायच्या आत जेवा, ही सगळी खटपट ती कमी करण्याची. गृहस्थाला तिच्यातून पूर्ण सुटका नाहीच. पण संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, तेवढी तरी त्याने सोडावी. आता बघा, आठवडेच्या आठवडे पाती पारखायची, परसात सराव करायचा, पहाटे दबा धरून बसायचं, याहून पक्का संकल्प कोणता? जितकी काळजी जास्त, तितका तो घट्ट. यशोधर राजाने तर पिठाचा कोंबडा कापला होता, तरी आपल्या कथेने त्याला पशुयोनीत फिरवलंच.

‘मग अर्जुनाचं काय?’ म्हणाला. पक्ष्याच्या डोळ्याची गोष्ट प्रत्येक आई सांगते, मीही सांगितली. पण आदिपर्व उघडून पाहा. द्रोणांनी झाडावर ठेवलेला तो पक्षी कारागिरांकडून करवून घेतलेला, कृत्रिम होता. नेम शिकायला जिवंत पाखरू लागत नाही, एवढं त्यांना कळत होतं. (एकलव्याच्या अंगठ्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही, ते वेगळं.)

दुसरा मुद्दा पैशाचा. तिथे शिकारीच्या सामानावर १९३७ पासून कर आहे, तो रानं आणि प्राणी राखायला जातो. १९७२ साली धनुष्यबाणही त्या कायद्यात आले. असेल. त्याच १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला. मोर टर्कीच्याच कुळातला. त्याला मारलं तर तुरुंग. मारायचे परवाने न विकताही तो अजून नाचतोय ना?

आणि झाबुआ-आलीराजपूरच्या भिल्लांचं नाव पुढे करू नका. भिल्लाचा बाण पोटासाठी होता, राखणीसाठी होता. फ्रीजमध्ये चिकन भरून ठेवून तो रानात जात नव्हता.

धनुष्यबाणाची हौस आहे ना? मग भिंतीपुढे कागदाची चकती लावा. तिला रुंद पातं लागत नाही, साधं टोक पुरतं.